आज सेल्फ मारायचा

सकाळी ७.३०. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले लेथ अजून सुरू झालेले नसतात. कान लावून करायची कामं मी याच वेळात उरकतो. मागचं एक चाक जॅकवर, गाडी टॉप गिअरमध्ये, चारही प्लग बाहेर. पोरगं चाक हाताने हळूहळू फिरवतंय आणि मी बोनेटखाली वाकून ऐकतोय. चाकाबरोबर पुढचा पंखा फिरला म्हणजे इंजिन सुटलेलं आहे. गेले काही दिवस प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण चमच्याने सोडत होतो, ते कामी आलं. कुठे खरखर नाही, अडखळ नाही. प्लगच्या भोकांतून फुस्स-फुस्स हवा येते आणि तिच्याबरोबर काळपट तेल उडतं. पोराचा शर्ट गेला.

गाडी एमजीबी, १९६७ची. इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. इंजिन १७९८ सीसी, चार सिलेंडर, दोन कार्बोरेटर. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या निघाल्या, पण आपल्याकडे आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या काळी परदेशी गाडी मिळायचा एक रस्ता म्हणजे वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या. त्या एसटीसी, म्हणजे सरकारी ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. ही तशीच आलेली. मग दोन मालक झाले, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका शेडमध्ये गेली ती गेलीच. शेवटची धावली तेव्हा पंपावर शिशाचं पेट्रोल मिळत होतं.

लोकांना वाटतं, एवढी वर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे इंजिनाचं काम निघणार. तसं क्वचितच होतं. लोखंड बसून राहिलं तरी फारसं रुसत नाही. रुसतं ते रबर, आणि सडतं ते पातळ: पेट्रोल, ब्रेक ऑइल, पाणी. माझ्या यादीत म्हणूनच इंजिन शेवटी येतं. मालकांना मात्र पहिल्या दिवसापासून आवाज ऐकायचा असतो.

८.३०. ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि मास्टर सिलेंडर एकच, एकाच सर्किटचा. म्हणजे एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. मग उरतो हँडब्रेक आणि देव. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. ती ओल सिलेंडरच्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे खड्डे पाडते. मागचे दोन्ही व्हील सिलेंडर तसे निघाले, म्हणून नवे मागवले. हे ऐकून लोक चकित होतात, पण या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग इंग्लंडात आजही नवा बनतो. १९८८पासून तर जुन्या साच्यांवर अख्खी नवी बॉडीही मिळू लागली. मला पद्मिनीचं सामान शोधायला यापेक्षा जास्त हिंडावं लागतं. फक्त कस्टमचा आकडा पाहून मालकांचा चेहरा पडतो.

खरी लबाड चीज म्हणजे चाकाकडे जाणारी लवचीक नळी. बाहेरून काळीभोर, एक भेग नाही. आतून मात्र रबर फुगून भोक सुईएवढं झालेलं असतं. पायाच्या जोराने तेल आत जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. ब्रेक लागलेलाच राहतो आणि डिस्क तापून लाल होते. अशा गाडीचा कॅलिपर खोलून दिवस फुकट घालवलेले मिस्त्री मी पाहिलेत. मी नळ्या बघत बसत नाही, सरळ बदलतो. मग हवा काढायची: मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. पोरगं पेडलवर, मी खाली. "दाब. धर. सोड." अकरा वाजेपर्यंत आमच्यात दुसरा शब्द नाही.

११.१५. चहा, आणि वायरिंग. सीटच्या मागे, जमिनीखाली दोन कप्पे आहेत. मुळात तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असत. आम्ही बारा व्होल्टची एकच बसवतोय. पोरगं जोडायला वाकलं आणि थांबलं.

"मामा, ह्यो प्लस बॉडीला कसा काय? कुणीतरी उलटं जोडलंय की ओ."

उलटं नाही. १९६७पर्यंतच्या एमजीबीत अर्थिंग पॉझिटिव्हच आहे, मायनस आत जातो. शहाणपणाने 'दुरुस्त' करायला गेलं तर आरपीएमचा काटा पहिला जळतो, कारण त्याच्या आत ट्रान्झिस्टर आहे. मी त्याला लाल वायरला काळी टेप गुंडाळायला लावली. उद्या मी नसताना कुणी चार्जर लावायला आलं तर निदान विचारेल तरी. वायरिंगवर कापडी वेष्टण आहे आणि ते उंदरांना भलतंच आवडलेलं दिसतं. हीटरजवळ तर त्यांनी संसार थाटला होता. तेवढा तुकडा नवा ओढला.

१२.१५. पेट्रोल. टाकी आधीच उतरवून, आत नट आणि रॉकेल घालून खळखळून धुतली आहे. तिच्यातून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणवत नाही: मधाच्या रंगाचं, जुन्या वॉर्निशच्या वासाचं. कार्बोरेटरमध्ये तर त्याचा डिंकच झाला होता. नव्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि साठच्या दशकातलं रबर त्यापुढे तग धरत नाही.

या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, तोही मागे, बॅटरीजवळ. चावी फिरवली की टक-टक-टक आवाज करतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की आपोआप गप्प होतो. म्हणजे ऐकूनच सगळं कळतं. आवाजच नाही, तर आतल्या पॉइंटवर गंज. टकटक थांबतच नाही, तर कुठेतरी गळती, किंवा फ्लोटची सुई नीट बसत नाही. आमचा आधी मुका होता. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर बोलू लागला. पण ठोकून चालू झालेला पंप रस्त्यात दगा देतो, म्हणून खोलून पॉइंट घासलेच.

१.३०. जेवण. मालकांचा फोन आला, आरटीओच्या कागदांबद्दल. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच. "रोज कोण नेतंय?" म्हणाले. सगळे असंच म्हणतात.

२.३०. ऑइल नवं, फिल्टर नवा. फिल्टरच्या डब्याची जुनी रबरी रिंग खाचेत चिकटून बसते. तिच्यावरच नवी बसवली तर चालू झाल्याबरोबर सगळं ऑइल जमिनीवर. जुनी टोच्याने तुकडे-तुकडे काढली. आता प्लग न लावताच सेल्फ मारायचा. कॉम्प्रेशनचा भार नसल्यामुळे इंजिन भरभर फिरतं, आणि आपण फक्त डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या काट्याकडे बघायचं. या काट्यापर्यंत इंजिनातून तेलाची खरी नळी येते, तिलाही एक रबरी तुकडा आहे, तोही बदललेला. दोनदा मारला, काटा ढिम्म. तिसऱ्यांदा हलला आणि वर चढून थांबला. तो काटा हलेपर्यंत मी कुणालाच प्लग लावू देत नाही.

३.३०. प्लग लावले. डेल्कोचे पॉइंट पंधरा थाउ, टायमिंग दहा अंश, वायरी १-३-४-२ या क्रमाने. अग्निशामक सिलेंडर पोराच्या हातात. ही औपचारिकता नव्हे, जुन्या कार्बोरेटरमधून बॅकफायर होताना मी पाहिलंय. चोक ओढला. पंप टकटकला आणि थांबला. सेल्फ. फिरली, फिरली, एकदा खोकली. पुन्हा. दोन सिलेंडरवर थरथरत उभी राहिली, मग तिसरा आला, आणि चौथा आला तेव्हा सायलेन्सरमधून पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघून अख्खी गल्ली भरली. आम्हीच टाकलेलं तेल जळत होतं. शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बघायला आला आणि खोकत परत गेला.

४.१५. गरम झाल्यावर कार्बोरेटर. दोन कार्बोरेटर म्हणजे दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी मीटर मिळतात. मी हातभर रबरी नळी वापरतो: एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. पुढच्याची सुरसुर बारीक, मागच्याची जाड होती. स्क्रू फिरवून सारख्या केल्या. मग मिश्रण. खालच्या पिनेने आतला पिस्टन किंचित उचलायचा. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, जरासा वाढून जागेवर आला तर बरोबर. आमचं बसत होतं. इथेनॉलमुळे हे होणारच. कंपनीच्या पुस्तकातली सेटिंग आजच्या पेट्रोलला पुरत नाही. जेटचा नट थोडा खाली घेतला, पुन्हा उचलून पाहिलं, पुन्हा थोडा घेतला. या कामाला घाई चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मला घाई नव्हतीच.

५.४५. क्लच. प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली. पेडल दाबूनही गिअर पडेना. या गाडीचं क्लच बेअरिंग कार्बनचं असतं, म्हणून इंजिन चालू ठेवून पेडल दाबून बसलो तर तेच झिजून संपेल. इंजिन बंद केलं, दुसरा गिअर टाकला, समोर मोकळा रस्ता पाहिला, क्लच पूर्ण दाबला आणि सेल्फ मारला. गाडी चालू होऊन झटके देत पुढे निघाली. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. तिसऱ्या झटक्याला खाडकन आवाज आला आणि प्लेट सुटली. हे करायची हिंमत झाली ती सकाळी अकरापर्यंत चाललेल्या ब्रेकच्या कामामुळे. गाडी पहिल्या दाबाला, सरळ रेषेत थांबली.

७.००. मालक आले. इंजिन चालू असलेलं पाहून दोनदा गाडीभोवती फिरले, मग थेट मुद्द्यावर.

"रविवारी पन्हाळ्याला नेऊ का?"

"टायर बदलून घ्या आधी."

"टायर तर नवे आहेत मिस्त्री. नक्षी बघा की."

नक्षी खरंच नवी होती. मी हवा भरलेल्या टायरच्या बाजूवर अंगठा दाबून, बॅटरीच्या उजेडात भेगा दाखवल्या. पन्हाळ्याच्या घाटात हे रबर रस्ता धरणार नाही, म्हटलं. ते खाली वाकले, नखाने एक भेग उकरून पाहिली. चारही बदलायचे का दोन चालतील, असं विचारलं. पाच, मी म्हटलं, स्टेपनी धरून.