सूर्य दोन डोंगरांमधूनच का उगवतो?

दुसरी-तिसरीच्या वर्गात जाऊन ‘निसर्गचित्र काढा’ एवढंच सांगून पाहावं. अर्ध्या तासात बाकाबाकावर तेच चित्र तयार होतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून वर आलेला किरणांचा सूर्य, वळणं घेत खाली येणारी नदी, काठाला कौलारू घर, एक कललेलं नारळाचं झाड आणि आकाशात टिकमार्क केल्यासारखे चार पक्षी. मराठवाड्यातल्या ज्या गावात नारळ फक्त देवळापुढे फुटतो, तिथेही हेच चित्र निघतं. रोज समुद्रात मावळणारा सूर्य पाहणारं रत्नागिरीचं मूलही हेच काढतं, आणि खिडकीतून फक्त समोरची इमारत दिसणारं मुंबईचं मूलही.

हे चित्र मुलांना कुणीतरी शिकवलेलं असतं. मोठ्या ताईने, शिकवणीच्या बाईंनी किंवा फळ्यावरच्या नमुन्याने. ते शिकण्याआधी याच मुलांची चित्रं अशी एकमेकांची नक्कल मुळीच नव्हती.

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती खडू आला की ते आधी रेघोट्या ओढतं. हात हलवला की मागे खूण उरते, हा शोध त्याला पुरेसा असतो. मग गोल येतात, आणि एक दिवस एका गोलाला दोन डोळे आणि खाली दोन काठ्या फुटतात. थेट डोक्यालाच पाय असलेला हा माणूस जगभरच्या मुलांच्या कागदांवर भेटतो. र्‍होडा केलॉग या अमेरिकी अभ्यासक बाईंनी मुलांची असंख्य चित्रं जमवून या रेघोट्यांचे आणि आकारांचे प्रकार लावले. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बालचित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. रेघोट्या, मग आकारांची जुळवाजुळव, मग प्रत्येक मुलाने स्वतःसाठी ठरवलेलं ‘माणूस असा, झाड असं’, आणि नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमाराला हुबेहूब काढण्याची ओढ.

मधल्या टप्प्यातली चित्रं फार मजेची असतात. बसच्या पत्र्यातून आतले सगळे प्रवासी पायांपर्यंत दिसतात. जेवणाचं ताट वरून पाहिलेलं असतं आणि ताटाभोवतीची माणसं समोरून. आजी घरापेक्षा उंच असते, कारण त्या दिवशी आजी गावाहून आलेली असते. मूल डोळ्यांना दिसेल तेवढंच काढत नाही. त्याला जे ठाऊक असतं आणि ज्याचं महत्त्व वाटतं, ते काढतं. ‘अगं, माणूस असा असतो का?’ म्हणत एखाद्या मुलीच्या हातातली पेन्सिल घेणारा मोठा माणूस काहीतरी सुधारतोय असं त्याला वाटतं. खरं तर तो त्या मुलीची एक सबंध विचार करण्याची पद्धत खोडत असतो. आखीव आकारांत रंग भरायच्या वह्यांना लोवेनफेल्ड यांचा कडवा विरोध होता, तोही याचसाठी.

नमुन्याइतकाच नाजूक विषय बक्षिसाचा. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यासाठी स्केचपेनने चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडतं अशी 51 मुलं निवडली होती. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा मांडली आणि मुलं आपणहून त्यांच्याकडे किती वळतात ते मोजलं. काहीही न मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळातला जवळपास 17 टक्के वेळ चित्रं काढण्यात घालवला, अचानक बक्षीस मिळालेल्यांनी 18 टक्के. बक्षिसाच्या बोलीवर काढलेल्यांनी मात्र 9 टक्क्यांहूनही कमी. बोलीवर काढलेली चित्रंही परीक्षकांना तुलनेने कमी सरस वाटली होती.

आपल्याकडे बालदिन, गणेशोत्सव, सोसायटीचा वर्धापनदिन, कुठलंही निमित्त चित्रकला स्पर्धेला पुरतं. त्या बंद कराव्यात असं या प्रयोगातून निघत नाही. अचानक झालेल्या कौतुकाने मुलांची ओढ कमी झाली नव्हती. पण चार वर्षांच्या मुलाला ‘नंबर येईल असं काढ’ सांगून आई-बाबा मंडपात मागे उभे राहतात, तेव्हा दोन डोंगरांचं चित्र सगळ्यात सुरक्षित ठरतं, हे मान्य करायला हवं.

मुलांना चित्र कसं काढू द्यावं, या प्रश्नाचा फार खोल विचार महाराष्ट्रातच होऊन गेला आहे, आणि त्याची आठवण आज कमी निघते याची खंत वाटते. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद 1944 साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. गांधीजींच्या नई तालीमच्या या शाळेत सूतकताई, शेती, सफाई हा शिक्षणाचाच भाग होता, आणि देवीप्रसादांनी तिथे चित्रकलेला तितक्याच हक्काची जागा दिली. मुलांसमोर नमुना ठेवायचा नाही, त्यांच्या चित्रावर आपला हात फिरवायचा नाही, ही त्यांची धारणा. तिथल्या वर्षानुवर्षांच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेलं ‘शिक्षा का वाहन : कला’ हे पुस्तक कुठल्याही पालकाने वाचावं. मुलांना चित्रकार बनवण्यासाठी नव्हे, तर माणूस पुरता वाढावा म्हणून कला हवी, असं ते कळकळीने मांडतात.

महागड्या साहित्यावाचून काही अडत नाही, हे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर सिद्ध झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या आदिवासी मुलांसाठी माँटेसरीची परदेशी साधनं बाजूला ठेवली आणि पानं, बिया, शिंपले, खडे यांतून बालवाडी उभी केली. त्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. आई गेल्यावर लहानपणी त्यांचं बोलणंच थांबलं आणि ते धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. लग्नघरातल्या भिंतींवर बायकांनी काढायची वारली चित्रं त्यांनी रोजची केली, जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेरू, तांदळाचं पीठ आणि टोक चेचलेली बांबूची काडी, एवढीच या चित्रांची जुनी सामग्री.

शहरातल्या घरात तर याहून पुष्कळ असतं. पाठकोरे कागद, जुन्या लग्नपत्रिका, भेंडीचे ठसे, हळद, बीट, कणकेची खळ, गणपतीनंतर उरलेली शाडू. अडतं ते जागेपाशी आणि वेळेपाशी. सांडलं तरी चालेल असा फरशीचा एक कोपरा आणि क्लास नसलेली एक संध्याकाळ घरातून निघणं कठीण जातं.

न शिकवणं हे मात्र कायमचं धोरण होऊ शकत नाही. दहा-अकराव्या वर्षी मूल स्वतःच चिडतं, ‘मला हात काढताच येत नाही’ म्हणून कागद फाडतं. आता त्याला खरंच कुणीतरी दाखवायला हवं असतं. सातवी-आठवीपासून मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, त्यातल्या वस्तुचित्राची खरी वेळ हीच. तांब्यावर उजेड कुठून पडतो, सावली कुठे गडद होते, हे चांगले चित्रकला शिक्षक अशा वेळी शिकवतात तेव्हा मूल पुन्हा कागदाकडे वळतं. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी पाठ केलेल्या संकल्पचित्राने ते होत नाही.

आणि लहान मुलाने चित्र आणून दाखवलं तर? ‘हे काय काढलंयस?’ विचारण्याऐवजी ‘इथे काय चाललंय, सांग ना’ म्हणून पाहावं. बसमधल्या तिसऱ्या माणसाला ताप आलाय, हे तेव्हा कळतं. चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने सांगितलेलं वाक्य लिहून ठेवावं. दोन डोंगरांचं चित्र आलं, तरी नापसंती दाखवू नये. एखाद्या सकाळी साडेसहाला मुलाला गच्चीवर न्यावं, सोबत पाटी आणि खडू. पाण्याच्या टाकीमागून, मोबाइलच्या मनोऱ्याच्या जरा डावीकडून, तारांवरच्या कबुतरांच्या खालून सूर्य वर येत असतो.