तिघऱ्याचं पाणी, लाल टिपाऱ्याचा गॅस

पहाटे 5.30. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात, जुन्या हायकोर्टाच्या गल्लीत नळ येतो. पाणी तिघरा धरणाचं. 1916 साली माधवराव शिंद्यांच्या काळात हे धरण झालं. आपोआप उघडणारे दरवाजे अभियंता विश्वेश्वरय्यांनी आधी खडकवासल्याला बसवले, मग इथे. पावसाने दगा दिला की पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून पिंप भरल्याशिवाय मी चहा टाकत नाही.

7.30. कचऱ्याची गाडी येते. शेजारच्या काकू दारात दोन डबे घेऊन उभ्या.

"काकू, ओला वेगळा केलात ना?"

"केला रे, पण आंब्याच्या कोयी कुठं टाकू?"

"ओल्यात."

कोय ओल्यातच जायला हवी. नाहीतर ढिगाऱ्यात दबून ती कुजली की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट हवा तापवतो.

11.00. महापालिकेच्या, म्हणजे नगर निगमच्या, परिषदेची बैठक असली की मी जलविहारात, तिथल्या सभागृहात. बातमीदार म्हणून माझा अर्धा जन्म तिथल्या बाकावर गेला. इथे नगरसेवकाला पार्षद म्हणतात. शहरात एकूण 66 वॉर्ड. जुलै 2022 मध्ये लोकांनी थेट मतदानाने काँग्रेसच्या शोभा सिकरवार यांना महापौर केलं. हे पद पक्षाकडे 57 वर्षांनी आलं. सभापती मात्र भाजपचे, राज्यातलं सरकारही भाजपचं, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौरांची मेयर-इन-काउन्सिल प्रस्ताव आणते, मोठ्या कामाला परिषदेची मंजुरी लागते, अंमल आयुक्तांकडे. एक फाइल तीन दारांतून जाते. भांडणं मी पुष्कळ पाहिली. वॉर्डातल्या नाल्यासारख्या कामावरून झालेलं भांडण मला मान्य आहे. श्रेयासाठी फाइल अडवणं मान्य नाही, मग अडवणारा कुणीही असो.

2.00. उन्हाळ्यात महाराज बाड्याच्या चौकात या वेळी सावली शोधावी लागते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्यात धूळ. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसरं होतं. त्या दिवशी ती बातमी लिहिताना लाज वाटली होती. पाण्याची गतही तशीच: लश्कर भागातून वाहणाऱ्या स्वर्णरेखा नदीचा तळ काँक्रीटचा केलेला. तळातून पाणी जमिनीत मुरणार कसं?

4.00. मोरारच्या बाजूला लाल टिपाऱ्याची गोशाळा. इथे यायला मला मनापासून आवडतं. गोशाळा निगमची, शहरातली मोकाट जनावरं इथे येतात, आणि त्यांची संख्या हजारांत आहे. शेणाचा वास फाटकाआधीच गाठतो. पूर्वी हे शेण उघड्यावर पडायचं. आता इंडियन ऑइलच्या पैशाने प्रकल्प उभा आहे. 2 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने त्याचं उद्घाटन केलं. क्षमता रोज 100 टन शेणाची, त्यातून 2 ते 3 टन बायो-सीएनजी. पाण्यात कालवलेलं शेण बंद टाकीत जातं. तिथे हवा नसते, म्हणून जंतू त्याचा गॅस करतात. तो शुद्ध करून दाबाखाली भरतात. उरतं ते खत शेतात जातं. महापौर एका पक्षाच्या, उद्घाटक दुसऱ्या पक्षाचे, आणि टाकी चालू. माझ्या शहराने हे करून दाखवलं, याचा मला अभिमान आहे.

9.00. घरी परतून बातमी लिहितो.

या परिषदेची मुदत 2027 मध्ये संपते. मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याला आपल्या वॉर्डातला नाला आणि ओला कचरा कुठे जातो, एवढं नक्की विचारा.