इंग्लंडचं वार्तापत्र: मीटरमधले पैसे संपतात तेव्हा

लेस्टर : मुदखेडला लाइट गेली की गल्लीत सगळ्यांचीच जाते, मग लाइनमनला फोन. इथे शेजारपाजार उजळलेला आणि एकच घर अंधारात, असंही होतं. त्या घरात प्रीपेड मीटर असतो आणि त्यातले पैसे संपलेले असतात.

थॅचरबाईंच्या सरकारनं 1986 मध्ये गॅस विकला, 1989 मध्ये इंग्लंड-वेल्सचं पाणी, पाठोपाठ वीज. प्रीपेड मीटर त्याआधीचाच. पूर्वी त्यात नाणी टाकत. खासगी कंपन्यांना मात्र तो भलताच सोयीचा पडला. थकबाकीदाराची वीज तोडली तर बोभाटा होतो. प्रीपेड बसवला की कंपनीला काही तोडावंच लागत नाही. नव्वदच्या दशकात वीज तोडल्याचे आकडे झपाट्यानं घसरले, त्यामागची करामत ही.

कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड नाहीतर किल्ली द्यायची, दहा पौंड भरायचे. त्यातून जुनी थकबाकी हप्त्याहप्त्यानं कापली जाते. शिवाय स्थिर आकार : नुसत्या विजेचा दिवसाला अर्धा पौंड, म्हणजे पन्नास-साठ रुपये, दिवा लागो न लागो. आठवडा अंधारात काढून पैसे भरले, की त्या आठवड्याचाही आकार वसूल होतो. वर 2023 पर्यंत प्रीपेडचा दर बँकेतून बिल भरणाऱ्यांपेक्षा जास्त होता!

2022 मध्ये दर भडकले. त्या वर्षात परवडत नाही म्हणून 32 लाख लोकांचे मीटर रिकामे पडले, असा ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या संस्थेचा अंदाज. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘द टाइम्स’नं छापलं, की ब्रिटिश गॅसचे कंत्राटी लोक कोर्टाचं वॉरंट घेऊन आजारी, अपंग माणसांच्या घरांतही शिरतात आणि जबरदस्तीनं हे मीटर बसवतात. तेव्हा कुठे ‘ऑफजेम’ या नियामकानं सक्ती थांबवली. पुढे अटी घालून ती पुन्हा सुरूही झाली.

पाण्याचं वेगळं घडलं. स्थानिक कौन्सिलांनीच खटला भरला आणि 1998 मध्ये कोर्टानं प्रीपेड नळ बेकायदा ठरवले. पुढच्याच वर्षी थकबाकीपोटी घरांचं पाणी तोडण्यावर कायद्यानं बंदी आली. विजेला असं कवच मिळालं नाही.

आपल्याकडे महावितरण अजून सरकारी आहे. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जून 2024 मध्ये फडणवीसांनी जाहीर केलं. आता बसताहेत ते स्मार्ट मीटर पोस्टपेड. इथे मात्र स्मार्ट मीटर प्रीपेड करायला कुणी दारात यावं लागत नाही. ते काम कंपनीच्या ऑफिसात बसल्या बसल्या होतं.