बटण आपल्याच घरात होतं

मंगळवारची पहाट. साडेचार वाजले असतील. आमचे चिरंजीव मित्रांना घेऊन तुळजापूरला दर्शनाला निघाले. मी अर्धवट झोपेत ‘सावकाश जा रे’ म्हटलं आणि कूस बदलली. तेवढ्यात बाहेर असा काही गडगडाट झाला की मांडणीवरची भांडी थरथरली. कुत्री भुंकायला लागली. एखादा ट्रक आला असेल असं वाटलं, आणि मी पुन्हा झोपले.

दोन दिवसांनी बचत गटाची बैठक होती. विषय मीच ठेवलेला, लग्नातला डीजे. मागच्या महिन्यात आम्ही बायकांनी मिळून एका मांडवातला डीजे रात्री दहाला बंद करायला लावला होता, त्याचा अभिमान अजून अंगावर होता. शेजारच्या काकू काही आल्या नाहीत. मी विचारायला गेले, तर त्यांची लेक नऊ दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली. डोळे सुजलेले.

काकू म्हणाल्या, “काय सांगू बाई, लेकरू झोपायनाच. पहाटे दचकून उठतंय आन् दोन-दोन घंटे रडायलंय. कुणाची तरी गाडी वाजते.”

‘कुणाची तरी’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या न पाहण्यातच मला सगळं समजलं. मैत्रिणींनो, आजवर डीजेवाल्यांना, मांडववाल्यांना, बुलेटवाल्या पोरांना मी किती सुनावलं! आणि आवाज निघत होता तो आमच्याच दारातून.

घरी येऊन मुलाला विचारलं. तो लाजला नाही, उलट कौतुकानं गाडीपाशी घेऊन गेला. स्टिअरिंगच्या खाली एक लहानसं बटण बसवलेलं. “आई, हे दाबलं की सायलेन्सरमधली झडप उघडते. बंद केलं की गाडी एकदम गरीब गाय. पाहिजे तेव्हाच वाजवायची.” जुनी घेतलेली गाडी, हप्ते आम्ही भरतोय आणि पठ्ठ्यानं सायलेन्सर कापून झडप बसवून आणलेली! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “जाऊ दे, पोरांचं वय आहे.”

मला मात्र चैन पडेना. ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी समजावून सांगितलं ते मला पटकन कळलं, कारण ते आपल्या बंबासारखंच आहे. इंजिनातून तापलेला धूर धडधडत बाहेर पडतो. सायलेन्सरच्या पोटात भोकांच्या नळ्या आणि कप्पे असतात; त्यातून फिरता फिरता आवाजाचा जोर मरतो. काही महागड्या गाड्यांत कंपनीच या वाटेवर एक झडप देते, बंबाच्या धुराड्यावरच्या झाकणासारखी. गाडी सावकाश चालली की झडप मिटलेली, धूर लांबच्या वाटेनं जातो, आवाज कमी. इंजिन जोरात फिरायला लागलं की झडप उघडते, धूर पटकन निघून जातो. कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे गाडीतला संगणक ठरवतो. काही गाड्यांत झडपेला इंजिनच्या हवेची ओढ हलवते, काहींत छोटी मोटर. मोटरला एका दिशेनं वीज दिली की झडप उघडते, उलट दिली की मिटते.

“मग बटण कशाला लागतं?” मी विचारलं.

“गाडीचं ठरवणं काढून पोरानं स्वतःच्या हातात घ्यायला,” मिस्त्री हसले. “कंपनीची झडप धुराला वाट देण्यासाठी असते, हिची फक्त गल्लीला ऐकवण्यासाठी. हिनं धूर सायलेन्सरच्या पोटात जातच नाही, आधीच बाहेर.”

मग त्यांनी गाडी वर उचलली आणि हसणं थांबलं. बटणाची तार थेट बॅटरीवरून ओढलेली, मध्ये फ्यूज नाही. खाली ती तापलेल्या नळीला टेकलेली. वरचं प्लॅस्टिक वितळून तांबं उघडं पडलेलं. ते तांबं लोखंडाला टेकलं असतं तर तार पेटली असती. आणि वर पेट्रोलची नळी! मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. झडपेचा जोड नीट बसलेला नव्हता, धूर गाडीच्या खालीच गळत होता. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. काचा लावलेल्या गाडीत तो शिरला तर माणसाला गुंगी येते आणि कळतही नाही. त्या पहाटे चार पोरं याच गाडीत बसून देवीला गेली होती. माझे पाय लटपटले.

कायदाही वाचून काढला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 120 सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. आवाजाचे नियम मोडून गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने परवाना जातो. बुलेटचे फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर आपल्या राज्यात पोलिसांनी कितीदा जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ते आपण पाहिलंच आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे पहाटेचे साडेचारही रात्रीतच आले, देवदर्शनाला निघालो तरी!

आणि डेसिबलचा हिशेब आपल्या वाणसामानासारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दहापट होते.

18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोंगाटाबद्दल मोठा निकाल दिला. शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात मानलं. त्यामागची एक हकिगत प्रत्येक आईनं लक्षात ठेवावी अशी आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत होता, ती ओरडत होती, पण लाउडस्पीकरच्या आवाजात तिची हाक शेजारीपाजारी कुणालाच ऐकू गेली नाही. गोंगाट नुसते कान दुखवत नाही, तो दुसऱ्याची हाक गिळतो.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. भाषण केलं नाही; आधी वितळलेली तार त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, लोक वळून बघतात म्हणजे त्यांना आवडतं.”

त्याला तरी काय बोलायचं? पोरगी जरा मोठ्यानं हसली की आपण ‘हळू, लोक ऐकतील’ म्हणतो. पोरगा अख्खी गल्ली जागी करतो तेव्हा ‘वय आहे’ म्हणतो. हे वय आपणच लाडानं वाढवतो.

झडप काढली. कापलेल्या जागी नवा सायलेन्सर बसवला, बटण आणि तार काढून टाकली. खर्च त्याच्या पगारातून. ह्यांनी कुरकुर केली, पण वितळलेली तार पाहिल्यावर गप्प झाले.

एक काम राहिलं होतं. संध्याकाळी मी मुलाला घेऊन काकूंकडे गेले. “ती गाडी आमची होती,” मी म्हटलं. पुढचं त्यानंच सांगितलं, मान खाली घालून. काकू म्हणाल्या, “आम्हाला ठाऊक होतं. पण तुम्हाला कसं सांगावं?”

ते वाक्य अजून माझ्या मनात आहे. डीजेवाल्याला सांगायला आपण दहाजणी जातो, पण शेजारणीला सांगायला जीभ उचलत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, उद्या घरातल्या गाडीच्या स्टिअरिंगखाली जरा वाकून पाहा. एखादं जास्तीचं बटण दिसलं तर ‘हे कशाचं रे?’ एवढं तरी विचारा. आणि शेजारणीनं काही सांगायला तोंड उघडलं, तर तिला पुरतं बोलू द्या.

पुढच्या बैठकीला काकू आल्या. बाळ मांडीवर शांत झोपलेलं होतं. आम्ही सगळ्या हळू आवाजात बोललो.