बालाघाटाची चढण आणि द्राक्षांचे मांडव

द्राक्षांचें नांव निघालें कीं शहरांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें नाशिक उभें राहतें. फार तर सांगलीकडील तासगांव. धाराशिवची आठवण या संदर्भांत सहसा कोणास होत नाहीं. तुळजाभवानीचा जिल्हा, दुष्काळाचा जिल्हा, निजामी अमदानींत उस्मानाबाद म्हणविला गेलेला आणि २०२३ सालीं आपल्या जुन्या नांवावर परत आलेला जिल्हा, एवढीच त्याची ओळख. परंतु सोलापूर सोडून तुळजापूरच्या वाटेस लागलेला प्रवासी माघ महिन्यांत खिडकीबाहेर पाहील, तर करड्या माळावर मधूनमधून हिरव्यागार मांडवांचे पट्टे त्यास दिसतील, आणि त्यांच्या पाठीशीं बालाघाटाची सपाट माथ्याची भिंत. या मुलखांतून पहाटेच्या गारव्यांत धांवत जाणें हा एक दुर्मिळ आनंद आहे. मात्र तो कोठें, केव्हां व कसा घ्यावा हें समजून न घेतां जो धांवूं लागेल, त्यास ऊन, चढ व वाहनें लौकरच माघारीं पाठवितील.

द्राक्षबागांतून धांवण्याची कल्पना कोणास विचित्र वाटेल. फ्रेंच माणसास ती मुळींच वाटणार नाहीं. बोर्दो शहराच्या उत्तरेस मेदॉक नांवाचा द्राक्षप्रांत आहे. तेथें १९८५ सालापासून सप्टेंबर महिन्यांत ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन शर्यत भरत आली आहे. धांवणारे नाना प्रकारचीं सोंगें घेऊन येतात आणि वाटेंत जागोजाग त्यांच्यापुढें मद्याचे पेले धरले जातात. शर्यत कमी व जत्रा अधिक, असाच हा प्रकार. धांवण्यानें घाम जाऊन शरीर कोरडें पडत असतां मद्य लघवीवाटे आणखी पाणी बाहेर काढतें. तेव्हां आपल्या उन्हांत या फ्रेंच रीतीचें अनुकरण न झालें तेंच बरें. धाराशिवकडे तो मोहहि फारसा नाहीं. मद्याचे कारखाने प्रामुख्यानें नाशिककडे निघाले. इकडील द्राक्ष मुख्यतः खाण्यासाठीं आणि बेदाण्यासाठीं पिकतें. दमलेल्या माणसाच्या ओंजळींत बागवानानें टाकलेला एक घोस म्हणजे पाणी आणि साखर एकत्रच, आणि धांवणाऱ्यास यापेक्षां अधिक कांहीं लागत नाहीं.

आतां भूमीकडे पाहूं. दख्खनच्या पठारावर कोट्यवधि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांतील कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, आणि डोंगरांस पायऱ्यांचें रूप आलें. बालाघाट ही अशीच एक प्रचंड पायरी आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ४६० मीटर उंचीवर, तर तुळजापूर व धाराशिव सुमारें ६५० मीटरांवर. या डोंगराचा माथा हा जलविभाजक आहे. सीना आणि बोरी यांचें पाणी भीमेवाटे कृष्णेस मिळतें, तर तेरणा व मांजरा यांचें गोदावरीस. धांवणाऱ्यास याचा अर्थ इतकाच कीं, सोलापूरहून तुळजापूरपर्यंतच्या सुमारें ४५ किलोमीटरांत मोठी उंची अशी कोठें वाटत नाहीं, जमीन हळूहळू उचलत जाते, आणि पाय थकलेले असतांनाच शेवटीं घाट समोर येतो.

या वाटेची ओळख धांवणाऱ्यांच्या आधीं यात्रेकरूंच्या पायांस झाली. कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून व कर्नाटकांतून हजारों माणसें देवीच्या दर्शनासाठीं पायीं निघतात. कित्येक तर अनवाणी. त्या दिवसांत या रस्त्यावरील वाहनें दुसऱ्या मार्गानें वळवावीं लागतात, इतकी गर्दी होते. हे लोक बहुधा रात्रीं चालतात. त्यांत भक्तीइतकेंच व्यवहारज्ञानहि आहे. आश्विनांतलें ऊन दिवसा चालूं देत नाहीं, आणि पौर्णिमेचें चांदणें माळावर दिव्याची गरज ठेवीत नाहीं. माथ्यावर घाटशिळेचें देऊळ लागतें. देवीनें या शिळेवर उभें राहून श्रीरामास लंकेची दिशा दाखविली, अशी कथा आहे. तेथून मागें वळून पाहिलें म्हणजे सोलापूरकडील सपाट मुलूख दूरवर पसरलेला दिसतो, आणि आपण किती वर आलों याची जाणीव तेव्हां होते.

एरवीं मात्र या महामार्गावर धांवूं नये, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तो आतां चौपदरी झाला आहे आणि त्यावरून मालमोटारी रात्रंदिवस जात असतात. महामार्ग सोडून तामलवाडी, काटी, सावरगांव या बाजूच्या गांवरस्त्यांस लागावें. येथें वाहनें थोडीं, चढ बेताचे, आणि दोन्ही अंगांस द्राक्षबागा. कांहीं बागांच्या कडेनें जुन्या साड्या बांधलेल्या आढळतील. नवख्यास तें वाळत घातलेलें धुणें वाटतें. वस्तुतः रस्त्यावरील धूळ आणि तिरपें ऊन घोसांवर येऊं नये म्हणून बागवानानें केलेला तो आडोसा असतो. मण्यावर जी पांढुरकी झांक असते ती त्याची शोभा. तीवर धूळ बसली कीं व्यापारी भाव पाडतो.

बागेचें वर्ष समजून घेतलें तर धांवण्याचा काळ आपोआप ठरतो. एप्रिलांत खरड छाटणी होते आणि वेल जवळजवळ उघडी पडते. ऑक्टोबराच्या सुमारास फळछाटणी. तिच्यानंतर फूट येते, फुलोरा येतो, आणि येथूनच बागवानाची झोंप उडते. त्या दिवसांत अवेळीं पाऊस झाला कीं डावण्या नांवाचा रोग पडतो, आणि महिन्यांची मेहनत चार दिवसांत जाते. म्हणून पहांटेपासून औषधांची फवारणी चालते. फवाऱ्याचा आवाज आला किंवा उग्र वास आला कीं धांवणाऱ्यानें वाट बदलावी. तें औषध फुप्फुसांसाठीं नव्हे. मकरसंक्रांतीच्या आगेमागें मणी मऊ पडूं लागतात व साखर भरते. तेव्हांपासून मार्चाच्या आरंभापर्यंतचे दिवस सर्वांत उत्तम. हवा कोरडी, पहाट थंड, मांडव भरलेले.

परंतु या मांडवाखालीं कोणाचें काय गुंतलें आहे याचीहि कल्पना असावी. ही जमीन हलकी, मुरमाड. पाणी मुरून जाणारी, म्हणूनच द्राक्षास मानवणारी. खारट पाणी व टंचाई सोसावी म्हणून आजची बहुतेक वेल डॉगरिज नांवाच्या अमेरिकन खुंटावर कलम केलेली असते. मूळ परकें, फळ आपलें. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं ‘सोनाका’सारखें वाण आपल्याच बागेंत निवडून काढलें व तें चोहोंकडे पसरलें. अशा बुद्धीलाहि पाण्यावांचून उपाय नसतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील कित्येक बागवानांनीं टँकरचें विकत पाणी घालून वेली जगविल्या, आणि ज्यांस तें परवडलें नाहीं त्यांनीं उभ्या बागा तोडल्या. कर्ज काढून उभारलेल्या बागेंतून कोणी अनोळखी इसम विचारल्यावांचून धांवत गेला, तर धन्यास राग आल्यास नवल नाहीं. बांधावरून जातांना हांक मारावी, परवानगी मागावी. पाणी आपल्या सोबत न्यावें. ठिबकच्या नळीस हात लावूं नये.

चढावर धांवण्याची रीत निराळी आहे. सपाटीवरचा वेग घाटांत टिकविण्याचा हट्ट करणारा अर्ध्यांतच धापा टाकतो. पाऊल आंखूड करावें, नजर दहापंधरा पावलांवर ठेवावी, आणि श्वास असा असावा कीं शेजाऱ्याशीं एक सबंध वाक्य बोलतां यावें. बोलणें तुटूं लागलें तर खुशाल चालावें; त्यांत कमीपणा नाहीं. उतार लोकांस सोपा वाटतो, पण दुसऱ्या दिवशीं मांड्या दुखतात त्या उतारानेंच, कारण तेथें स्नायू ताणले जात असतांनाच शरीराचा भार अडवीत असतात. थंड शहरांतून आलेल्यानें पहिले दहाबारा दिवस अंतर कमी ठेवावें. घाम योग्य रीतीनें येऊं लागण्यास शरीरास इतका अवधि लागतो. पुष्कळ घाम गेल्यावर नुसतें पाणीच पोटभर पीत राहणें हेंहि बरें नव्हे. चिमूटभर मीठ जवळ असावें.

या कोरड्या मुलखांत धांवणें रुजत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. याच बालाघाटाच्या प्रदेशांत, बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत मांडवा गांव आहे. तेथील अविनाश साबळे लहानपणीं शाळेसाठीं रोज कित्येक किलोमीटर जात-येत असे. पुढें त्यानें ३००० मीटर स्टीपलचेसमध्यें आशियाई सुवर्णपदक मिळविलें आणि २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत तो धांवला. त्याच्याहि शंभर वर्षें आधीं, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकांत बेळगांवच्या फडेप्पा चौगुले यांनीं मॅरेथॉनमध्यें एकोणिसावा क्रमांक पटकाविला होता.

ज्यांस द्राक्षांपेक्षां झाडी प्रिय, त्यांनीं येडशीनजीकच्या रामलिंग घाटाकडे वळावें. दरींत महादेवाचें देऊळ आहे. भोंवतालचें वन १९९७ पासून अभयारण्य असल्यानें ठरलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकूं नये. पावसाळ्यांत हें स्थान फार रमणीय, पण वाट निसरडी. नळदुर्गाच्या बाजूस जमीन अधिक मोकळी. तेथें बोरी नदीवरील बांधाच्या पोटांत १६१३ सालचा पाणीमहाल असून नदीस पूर आला कीं त्याच्या अंगावरून पाणी कोसळतें. किल्ल्याच्या तटाच्या आंत फिरणें हाच एक चांगला व्यायाम होतो. धाराशिव शहराच्या माणसास एवढें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. लेण्यांपर्यंतची वाट सुमारें आठ किलोमीटर. सूर्योदयापूर्वीं निघालें तर उन्हाच्या आंत घरीं परत येतां येतें. चैत्र लागल्यावर मात्र हीं सर्व अंतरें निम्मीं करावीं, आणि वैशाखांत, पारा चाळिसापलीकडे गेल्यावर, सकाळीं सातनंतर घराबाहेर धांवूं नये.