जमिनीतल्या घराची गोष्ट

पोराला अक्षर लागले की घरादाराला आनंद होतो. पोर मग एस.टी.वरची पाटी वाचते, खताच्या गोणीवरचे नाव वाचते, देवळाच्या भिंतीवरचे देणगीदारही सोडत नाही. पण नेमके याच वेळी त्याच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न आईबापांना पडतो. धड्यातली वाक्ये सोपी असतात, पण त्यांत काही घडत नाही. गोष्टीच्या पुस्तकात पुष्कळ घडते, पण एकेक वाक्य वीतभर लांब!

ही अडचण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत यावर उपाय म्हणून १९५७ साली 'आय कॅन रीड', म्हणजे 'मला वाचता येते', नावाची पुस्तकमाला निघाली. मोठा टाइप, तोकडी वाक्ये आणि भरपूर चित्रे अशी तिची मांडणी. याच मालेत १९७८ साली बार्बरा ब्रेनर या लेखिकेचे 'वॅगन व्हील्स', म्हणजे 'गाडीची चाके', हे पुस्तक आले. चित्रे डॉन बोलोनीझ यांची. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले हे इवलेसे पुस्तक शेतकऱ्याच्या घरात आवर्जून सांगावे असे आहे. कारण ती जमीन शोधायला निघालेल्या एका बापाची आणि त्याच्या तीन पोरांची गोष्ट आहे.

कोण ही माणसे?

अमेरिकेतील काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. माणसे मोकळी झाली, पण हात रिकामेच होते. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्यांकडे स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. (या मुक्तीची वार्ता महाराष्ट्रातही पोहोचली होती. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मोकळे करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केला.)

तिकडे १८६२ सालीच सरकारने वसाहतीचा कायदा केला होता. पश्चिमेकडच्या माळावर जाऊन १६० एकर जमीन धरायची, घर बांधायचे, पाच वर्षे राहून ती कसायची, की मामुली फी भरून जमीन आपल्या नावावर. या आशेने १८७७ साली केंटकी राज्यातून काळ्या कुटुंबांचा मोठा जथा कॅन्सस राज्यात आला आणि सॉलोमन नदीच्या आसऱ्याने निकोडेमस हे गाव वसले.

पुस्तकातील एड मल्डी हा बाप आपली तीन मुले घेऊन याच गावी निघालेला आहे. मुलांची आई वाटेतच वारली. मोठा जॉनी अकरा वर्षांचा, मधला विली आठ वर्षांचा, आणि धाकटा जेमतेम तीन वर्षांचा. गोष्ट सांगतो तो जॉनी.

माळावर लाकूड नाही, मग घर कसले?

त्या माळावर नजर पोहोचेल तिथवर नुसते गवत. झाड औषधालासुद्धा नाही. लाकूड नाही म्हणजे वासा नाही, दार नाही, सरपणही नाही. मग लोकांनी टेकाडाच्या किंवा नदीकाठच्या उतारात खोल्या खोदल्या. वर मिळतील त्या काटक्या आणि गवत घातले, मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपा रचल्या आणि चुलीचे नळकांडे तेवढे बाहेर काढले. अशा भागांत जळणाला सूर्यफुलाची वाळकी धाटे आणि रानगव्यांच्या रानशेण्या. हे वाचून आपल्या आजीबाईला त्यात काही नवल वाटणार नाही!

१८७८ साली विलियाना हिकमन नावाची बाई नवऱ्याबरोबर या गावी आली. गाव कुठे आहे, तेच तिला दिसेना. नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि हेच आपले गाव म्हणून सांगितले. तेव्हा तिला रडू कोसळले. ही आठवण तिनेच पुढे सांगून ठेवली आहे.

भुकेला धावून आले कोण?

पहिला हिवाळा फार कठीण गेला. पेरणीचा हंगाम हुकलेला, अवजारे आणि जनावरे अपुरी, धान्य संपलेले. अशा वेळी ओसेज आदिवासींची टोळी गावाकडे येताना दिसते आणि सगळ्यांच्या काळजात धस्स होते. पण ती माणसे खायला अन्न आणि जाळायला लाकूड ठेवून आपल्या वाटेने निघून जातात! आदिवासींनी त्या हिवाळ्यात शिकारीतला वाटा दिल्याची आठवण निकोडेमसमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

इथे वाचणाऱ्या मोठ्या माणसाने क्षणभर थांबावे आणि पुस्तकात फारशी न आलेली एक गोष्ट मुलाला सांगावी. सरकार जी जमीन 'मोकळी' म्हणून वाटत होते, ती रिकामी नव्हती. तिच्यावर आधी आदिवासी राहत आणि शिकार करीत. खुद्द ओसेज लोकांना १८७० नंतर कॅन्ससमधून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले होते. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना कधी जमीनच नव्हती त्यांच्या पोरांना जगवले. पाच-सहा शब्दांच्या वाक्यांत केवढी मोठी गोष्ट बसली आहे!

तीन पोरांची पायपीट

निकोडेमसची जमीन फार सपाट आणि उघडी म्हणून बाप आणखी चांगली जमीन पाहायला पुढे जातो. पोरांना त्या मातीच्या घरात ठेवतो. शेजारी लक्ष ठेवतात, पण धाकट्याचे सारे काही जॉनीच पाहतो. एके दिवशी बापाचे पत्र येते आणि नदीच्या काठाकाठाने तिघे निघतात. वाट शंभर मैलांहून अधिक. रात्री उघड्या माळावर काढायच्या आणि सकाळी पुन्हा चालू लागायचे. शेवटी बाप भेटतो, तेव्हा वाचणाऱ्या पोराचाही जीव भांड्यात पडतो.

निकोडेमसचे पुढे काय झाले? १८८८ साली रेल्वे गावाला वळसा घालून गेली, दुकानदार रुळाकडे निघून गेले, गाव ओसरले. तरी काही घरे चिवटपणे जमीन धरून राहिली. १९९६ साली सरकारने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दरवर्षी जुलैअखेर पांगलेली लेकरे-नातवंडे तिथे जमतात.

आपल्या घरी काय करता येईल?

या पुस्तकाने एक गोष्ट चांगली दाखवून दिली. वाक्य लहान असावे, पण गोष्ट लहान असायला हवी असे नाही. भूक, मरण, उपकार, जबाबदारी या गोष्टी शेतकऱ्याच्या पोराला नव्या नसतात. त्या त्याच्यापासून लपवण्यापेक्षा सोप्या शब्दांत वाचायला दिल्या, तर ते मन लावून वाचते.

आणि अशी गोष्ट आपल्याही घरात असते. पहिली विहीर कोणी खोदली? बहात्तरच्या दुष्काळात घर कसे तगले? धरणात गाव गेले तेव्हा कोण कुठे पांगले, आणि पहिल्या रात्री भाकरी कोणी आणून दिली? सवडीच्या संध्याकाळी आजोबांना बोलते करा. त्यांचे सांगणे दहा-बारा छोट्या वाक्यांत, शक्य तितकी जोडाक्षरे टाळून, मोठ्या अक्षरांत वहीवर उतरवा. एका पानावर एकच वाक्य लिहा आणि खाली चित्रासाठी जागा सोडा. चित्र पोरानेच काढावे.

वही पुरी झाली की पोराला ती आजोबांसमोर मोठ्याने वाचायला सांगा. कुठे चुकले तर दुरुस्त करायला आजोबा आहेतच.