कुडीतले भाऊ

आपल्या बायकांचं एक बरं असतं. भाजी निवडताना, नळावर, एसटीच्या रांगेत, अगदी अनोळखी बाई शेजारी बसली तरी दहा मिनिटांत आपण सासूपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बोलून मोकळ्या होतो. पुरुषांचं तसं नाही. क्रिकेट, राजकारण, पाऊसपाणी यावर ते तासन्‌तास बोलतील. पण मनात काय चाललंय असं विचारलंत, की ‘काही नाही’ एवढंच उत्तर. ‘पुरुषासारखा पुरुष, आणि रडतोस काय?’ हे त्यांना लहानपणापासून ऐकवलेलं असतं ना!

म्हणूनच मला मुंबईतल्या गोवेकरांच्या ‘कुडीं’चं कायम कुतूहल वाटत आलंय. कोकणीत कूड म्हणजे खोली. आणि गंमत म्हणजे कूड म्हणजे शरीरसुद्धा. मराठीतही आपण ‘कुडीत प्राण आहे तोवर’ म्हणतोच. एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातले ख्रिस्ती तरुण पोटासाठी मुंबईला यायला लागले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि कामधंदा फारसा नव्हता. मुंबईत इंग्रजांची आगबोट होती, हॉटेलं होती, साहेबांचे बंगले होते. कुणी आचारी झाला, कुणी शिंपी, कुणी बेकरीत लागला, कुणी वाजंत्री झाला, आणि कितीतरी जण बोटीवर लागले. बोटीवर काम करणाऱ्याला कोकणीत ‘तारवोटी’ म्हणतात. या मंडळींना शहरात डोकं टेकायला जागा हवी होती. मग एकेका गावाने पैसे जमवून धोबीतलाव, माझगाव, डाबूळ अशा भागांत खोल्या घेतल्या. एके काळी अशा शेकडो कुडी मुंबईत होत्या. काही आजही आहेत.

ट्रंक, चटई आणि आल्तार

मला या कुडींची माहिती झाली ती आमच्या शेजारच्या आंटीमुळे. आम्ही सावंतवाडीतले. आंटीचं माहेर इथलंच, अंकल मूळचे बार्देसातले, तारवोटी. दोघांनी घर इथे बांधलं, पण अंकल असायचे कुठे? आंटी हसून सांगायची, ‘‘बाय, घोव माझो, पण अर्धो दर्याचो, पाव कुडीचो. उरलो तो माझो!’’ बोटीची नोकरी कराराची. एक करार संपला की दुसरा मिळेपर्यंत मुंबईत थांबावं लागे. ते महिने कुडीत जायचे.

काही वर्षांपूर्वी मुंबईला गेले होते, तेव्हा आंटीच्या भाच्याने मला धोबीतलावावरची एक कूड दाखवली. बायकांना तिथे राहायची मुभा नाही. दिवसा पाहुणी म्हणून आत जाऊन पाहता आलं. लाकडी जिना, एक लांबलचक खोली. भिंतीला लागून ओळीने ट्रंका. प्रत्येकाचा संसार त्या एका ट्रंकेत. रात्री जमिनीवर चटई अंथरायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. आणि समोरच्या भिंतीवर, खोलीतल्या सगळ्यात चांगल्या जागी, आल्तार. म्हणजे आपल्याकडचा देव्हाराच समजा. त्यात गावच्या चर्चच्या संताची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं.

या आल्तारासमोर रोज संध्याकाळी ‘तेर्स’ व्हायचा. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मारियामातेची ५३ वेळा विनवणी, मधे मधे ‘आमच्या बापा’. खोलीत जो असेल त्याने हजर राहायचं, असा दंडक. दारू नको, जुगार नको, भांडण नको. नियम मोडला तर दंड. वर्षातून एकदा संताचा सण: मिस्सा, लदिन म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, आणि सगळ्यांनी मिळून जेवण.

मला सर्वात जास्त भावलं ते हे, की त्या खोलीत सगळ्या वयाचे पुरुष एकत्र असत. सतरा वर्षांचं, मिसरूड फुटलेलं, पहिल्यांदाच घर सोडलेलं पोर आणि सात-आठ बोटी पालथ्या घातलेला म्हातारा यांच्या ट्रंका शेजारी शेजारी. पोराला कुठल्या ऑफिसात उभं राहायचं, कागद कसे सांभाळायचे, पहिला पगार घरी कसा पाठवायचा, हे म्हातारा शिकवणार. म्हाताऱ्याचं पत्र पोरगा वाचून दाखवणार. कुणाला ताप आला तर पेज करून कोण देणार? तिथे आई नाही, बहीण नाही, बायको नाही. शेजारच्या चटईवरचा पुरुषच देणार. अंकलना मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात हिवताप झाला होता. त्यांच्या गावचा एक आचारी आठ दिवस कामाला गेला नाही, त्यांच्या उशाशी बसून राहिला. अंकल हे सांगताना अजूनही त्याला ‘माझो भाव’ म्हणायचे. रक्ताचं नातं काहीच नव्हतं.

मासे भाजणारा ख्रिस्त

आता तुम्ही म्हणाल, पुरुष एकत्र राहिले की असं होतंच. नाही हो, होतंच असं नाही. पुरुषांचे अड्डे आपण पाहतोच की. तिथे पत्ते असतात, बाटली असते, बायकांवरचे विनोद असतात. कुडीला वेगळं वळण लागलं ते त्या आल्तारामुळे, असं मला वाटतं. श्रद्धेने त्यांना एक शिस्त दिली आणि पुरुष कसा असावा याचा एक नमुनाही दिला.

बायबलमधल्या ख्रिस्ताकडे जरा या नजरेने पाहा. त्याच्याबरोबर बारा पुरुष. त्यांत कोळी आहेत, एक जकातदार आहे, रागीट आहेत, संशयी आहेत. पहिला कोण यावरून ते भांडतात. मरणाच्या आदल्या रात्री हा त्यांचा गुरू कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि एकेकाचे पाय धुतो. ते काम त्या काळी घरातल्या नोकराचं. शिष्यांना लाज वाटते; पेत्र तर आधी नकोच म्हणतो. आणि मरणातून उठल्यावर तो काय करतो? रात्रभर जाळं टाकूनही काहीच न मिळालेल्या मित्रांसाठी किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे भाजतो आणि न्याहारीला बोलावतो. ज्या पेत्राने त्याला ओळख दाखवली नव्हती, तोही त्यांत असतो. न्याहारी आधी, बाकीचं बोलणं नंतर. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या, साहेबांच्या बशा उचलणाऱ्या तारवोट्यांना हा ख्रिस्त किती जवळचा वाटला असेल!

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये आजही पाय धुण्याचा हा विधी होतो. पूर्वी त्यासाठी पुरुषच बसवायचे असा नियम होता. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला आणि बायकांचेही पाय धुवायला मोकळीक दिली.

दुसरी बाजू

सगळंच गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ख्रिस्ती झाल्यावरही गोव्यात जात सुटली नव्हती. कित्येक कुडी नुसत्या गावाच्या नव्हत्या, जातीच्याही होत्या. एकाच गावचा, एकाच संताला मानणारा, पण जात वेगळी म्हणून दुसरी खोली. जकातदारालाही जवळ घेणाऱ्या ख्रिस्तापुढे ही माणसं रोज बसत होती, तरीही.

आणि बायका? पुरुष तिकडे भाऊबंद जमवत होते, तेव्हा इकडे शेत, म्हातारी माणसं, मुलांची आजारपणं, विहिरीचा गाळ हे सगळं त्यांच्या बायका उपसत होत्या. आंटीची तिन्ही बाळंतपणं अंकल बोटीवर असताना झाली. एका मुलाला तर त्यांनी दीड वर्षाचा झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं. गोव्याचं तियात्र हे नाटकसुद्धा १८९२ साली मुंबईतच जन्मलं. सुरुवातीला त्यात बायकांची कामं पुरुषच करत. १९०४ साली रेजिना फर्नांडिस या पहिल्यांदा रंगमंचावर आल्या. पुरुषांच्या त्या जगात बाईला जागा मिळायला वेळच लागला.

अर्धी माझी, अर्धी तुझी

खरी परीक्षा पुढे होती. नोकरी संपवून अंकल कायमचे घरी आले, आणि घरात जणू पाहुणा आला. आंटीने त्यांना कपाट रिकामं करून दिलं. अंकलचे कपडे मात्र दोन वर्षं ट्रंकेतच. सकाळी उठून स्वतःचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात उभं करायचे. आपलं ताट आपण घासायचे. आळीतले पुरुष हसायचे, ‘‘तारवोट्याक बायलेन कामाक लायलो!’’ अंकल काही बोलत नसत. घरातही फारसं बोलत नसत.

एकच भांडण मोठं झालं, ते तेर्सावरून. कुडीत तेर्स सांगायचा मान वयाने मोठे म्हणून अंकलकडे आला होता. घरी तो मान तीस वर्षं आंटीकडे होता. घरचा पुरुष आला, आता त्यानेच सांगायला हवं, असं नातेवाईक म्हणायला लागले. आंटीला ते लागलं. ‘‘पोरांक ताप असताना, घरात तांदूळ नसताना मी तेर्स चुकवला नाय. आता मी गप ऱ्हवू?’’ चार दिवस घरात अबोला. मग अंकलनीच तोड काढली. तेर्साची रीत अशी, की एकजण प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो आणि बाकीचे उरलेला अर्धा पुरा करतात. ‘‘एका दिसा तू सुरू कर, मी पुरो करतलंय. दुसऱ्या दिसा मी सुरू करतलंय, तू पुरो कर,’’ ते म्हणाले. आंटी सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण संसार तेव्हा सुरू झाला. त्या आठवड्यात ट्रंक माळ्यावर गेली.

माझे बाबा लालबागला गिरणीत होते. तिथे आमच्या गावाची खोली होती, शनिवारी भजन असायचं. १९८२ च्या संपानंतर बाबा गावी परतले आणि मुके झाल्यासारखे झाले. घरात त्या संपाविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. अंकल आल्यावर एका मे महिन्यात ते बाबांना वाटेवरच्या क्रुसाकडे लदिनला घेऊन गेले. व्हायोलिन, गाणी, नंतर उकडलेले चणे. बाबांना शब्द कळले नसतील, पण चार पुरुष मिळून देवापुढे गातात हे त्यांच्या ओळखीचं होतं. मग दोघं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायला लागले. एकदा स्वयंपाकघरातून मी ऐकलं: गिरणीचं फाटक, भोंगा, गेलेले मित्र, सगळं बाबा सांगत होते. अंकल ‘हूं, हूं’ करत होते. एकही सल्ला त्यांनी दिला नाही.

कुडी आता ओस पडत चालल्यात. आधी आखातातल्या नोकऱ्या आल्या, मग माणसं गोव्याहून थेट विमानाने जायला लागली. मुंबईत महिनोन्‌महिने थांबायची गरज संपली. पण त्या खोल्यांनी पुरुषांची जी गरज भागवली, ती कुठे संपलीय? मैत्रिणींनो, आपल्या घरातला निवृत्त झालेला, दिवसभर टीव्हीसमोर बसणारा पुरुष आठवा. किंवा बारावीत नापास झालेला, दार लावून बसणारा मुलगा. त्याला उपदेश करणारे खूप आहेत. त्याच्या शेजारी चटई टाकणारा कुणी आहे का? चर्च असो, भजनी मंडळ असो, तालीम असो. जिथे मोठा पुरुष लहानाची पेज करतो आणि लहान मोठ्याचं पत्र वाचतो, अशी जागा त्याला मिळू द्या. आणि तिथून तो घरी आला, की आल्तारासमोरची अर्धी प्रार्थना आणि मोरीतली अर्धी भांडी त्याच्यासाठी राखून ठेवा. पुरी आपण एकटीनेच करायची, असं थोडंच कुठे लिहिलंय?